पाण्यात न मिसळणाऱ्या द्रवाचे रेणुवस्तुमान वाफेच्या ऊर्ध्वपातनाने: प्रकल्प नोंदी

३ नोव्हेंबर: सूत्र आणि द्रवांची निवड

दोन द्रव एकमेकांत मिसळत नसतील तर एकत्र तापवल्यावर प्रत्येक जण आपापला पूर्ण बाष्पदाब, म्हणजे त्याच्या वाफेचा दाब, देतो. कोण किती आहे याच्याशी त्याला देणेघेणे नसते, फक्त दोन्ही थर शिल्लक हवेत. दोघांच्या बाष्पदाबांची बेरीज हवेच्या दाबाइतकी झाली की मिश्रण उकळते. म्हणून क्लोरोबेंझीन एकटे १३२ अंशांना उकळते, पाणी १०० ला, आणि दोघे मिळून ९१ च्या आसपास.

वर जाणाऱ्या वाफेत मोलचे (म्हणजे रेणूंच्या संख्येचे) प्रमाण बाष्पदाबांच्या प्रमाणाइतके असते. तीच वाफ थंड करून दोन्ही थर वजन केले की रेणुवस्तुमान हातात येते:

म(क) = १८.०१५ × [व(क) ÷ व(पाणी)] × [द(पाणी) ÷ द(क)]

इथे क म्हणजे तपासायचा द्रव, म त्याचे रेणुवस्तुमान, १८.०१५ हे पाण्याचे रेणुवस्तुमान, व म्हणजे गोळा झालेले वस्तुमान, द म्हणजे मिश्रण उकळते त्या तापमानाचा बाष्पदाब. द(पाणी) तक्त्यातून घ्यायचा. द(क) मात्र तक्त्यातून नाही. तो हवेच्या दाबातून द(पाणी) वजा करून काढायचा, कारण अनोळखी द्रवाचा तक्ता असणारच कुठून? पुढची सगळी डोकेदुखी या वजाबाकीत आहे.

पद्धत पारखायची म्हणून रेणुवस्तुमान आधीच माहीत असलेले द्रव घेतले: क्लोरोबेंझीन (११२.५६), ब्रोमोबेंझीन (१५७.०१), टोल्यूइन (९२.१४), ॲनिलीन (९३.१३). जमल्यास नायट्रोबेंझीन. बेंझीनचे आकडे सर्वांत सुंदर आले असते, पण ते कर्करोगकारक आहे; यादीतून बाद.

५ नोव्हेंबर: मांडणी

वाफेसाठी १ लिटरचा चंबू, त्यात ६०० मिली पाणी आणि चिनीमातीचे चारपाच तुकडे. बुचातून ६० सेंमीची उभी काचनळी, खालचे टोक जवळपास बुडाशी. पुढे कुठे तुंबले तर पाणी या नळीत चढते आणि वेळेत कळते. मुख्य चंबू ५०० मिलीचा, दोन तोंडांचा, किंचित तिरका बसवलेला. वाफेच्या वाटेवर टी-नळी आणि चिमटा. टीच्या खालच्या पायात जमलेले पाणी अधूनमधून सोडता येते. कंडेन्सर (वाफ थंड करून द्रव करणारी नळी) ४० सेंमीचा.

बंद करताना आधी चिमटा उघडायचा, मग आच काढायची. उलट केले तर चंबूतला द्रव वाफेच्या चंबूत ओढला जातो. हे मांडणीवरच कागद चिकटवून लिहिले आहे.

रबरी बुचे काढून टाकली. क्लोरोबेंझीन आणि टोल्यूइन दोन्ही रबर फुगवतात आणि त्यातले काहीबाही विरघळवून घेतात. घासकाचेचे सांधे, त्यांवर टेफ्लॉन टेप. ग्रीस अजिबात नाही, कारण ते थेट सेंद्रिय थरात उतरते आणि वजनात मोजले जाते.

चंबू आणि कंडेन्सर यांच्यामध्ये शिंतोडे अडवणारा फुगा बसवला. उसळीबरोबर थेंबच्या थेंब पलीकडे गेले तर ते वाफेतून गेलेले नसतात, आणि सूत्र फक्त वाफेबद्दल बोलते.

थर्मामीटर −१० ते ११०, खुणा ०.२ अंशाच्या, भिंगातून अर्धी खूण, म्हणजे ०.१ पर्यंत वाचता येते. त्याचा पाऱ्याचा गोळा बाजूच्या नळीच्या तोंडासमोर, वरून ओला राहील असा. कोरडा गोळा दिसला तर तो आकडा घ्यायचा नाही.

६ नोव्हेंबर: नुसते पाणी

नमुना न घालता चंबूत २०० मिली पाणी घेऊन तीच वाफ सोडली. बॅरोमीटर (हवेचा दाब मोजणारे यंत्र) फोर्टिनचा, पाऱ्याचा, वाचन ७१६.१ मिमी, खोली ३० अंश. पितळी पट्टी आणि पारा दोन्ही तापलेले असल्याने दुरुस्ती करावी लागते: ०.०००१६३ × ३० × ७१६.१ = ३.५ मिमी वजा. खरा दाब ७१२.६ मिमी.

७१२.६ ला पाणी ९८.२ अंशांना उकळायला हवे. थर्मामीटर म्हणतो ९७.७. अर्धा अंश कमी, आणि पुन्हा पुन्हा तेवढाच.

कारण सापडायला वेळ लागला नाही. हा थर्मामीटर पूर्ण बुडवून वापरायचा आहे, आणि इथे ४८ च्या खुणेपासून वरचा पारा बुचाबाहेर, ३६ अंशांच्या हवेत आहे. उघड्या पाऱ्याची दुरुस्ती:

०.०००१६ × (उघड्या पाऱ्याचे अंश) × (वाफेचे तापमान − दांड्याजवळचे तापमान)
= ०.०००१६ × ५० × ६२ = ०.५०

म्हणजे थर्मामीटर ठीक आहे, बसवण्याची पद्धत खोटे बोलते आहे. लक्षात ठेवायची गोष्ट ही की दुरुस्ती स्थिर नाही. ८९ अंशांना उघडा पारा ४१ अंशांचा आणि फरक ५३ चा, म्हणजे ०.३५. ९८ ला मिळालेला अर्धा अंश सगळीकडे मिळवत सुटलो तर नवी चूक पदरात पडते. दांड्याजवळ दुसरा साधा थर्मामीटर दोऱ्याने बांधला, आता तो कायमचा तिथेच.

७ नोव्हेंबर: क्लोरोबेंझीन, पहिली खेप, रद्द

१२० मिली क्लोरोबेंझीन, ५० मिली पाणी. तापमान कुठेच ठरेना: ९०, मग ९२.५, परत ९१. चंबूत धाडधाड उसळ्या. ३० मिली गोळा झाल्यावर थांबवले, हिशेब केला नाही.

दोष वाफेच्या नळीत. क्लोरोबेंझीन पाण्यापेक्षा जड (घनता १.१), त्यामुळे ते तळाशी बसते, आणि १२० मिलीचा थर या चंबूत जेमतेम ३ सेंमी उंच होतो. नळीचे टोक बुडापासून ४ सेंमीवर होते. वाफ वरच्या पाण्यातूनच निघून जात होती, खालचा थर अधूनमधून तापून उसळत होता. टोक बुडापासून ५ मिमीवर आणले आणि थोडे वाकवले.

इथे एक सूक्ष्म मुद्दा आहे. वाफेत क्लोरोबेंझीन पुरेसे भरले नाही तरी सूत्र लगेच मोडत नाही. आपण द(क) वजाबाकीने काढतो, म्हणजे वाफेत तो जेवढा खरोखर आहे तेवढाच मिळतो. सूत्राला अट एकच लागते: वाफ त्या तापमानाला पाण्याने संपृक्त हवी. पण तापमान दोन अंशांत भटकत असेल तर कोणत्या क्षणाचा दाब कोणत्या थेंबाला लावायचा? म्हणून आजची खेप रद्द.

८ नोव्हेंबर: क्लोरोबेंझीन, तीन खेपा

दर खेपेला नवे १२० मिली क्लोरोबेंझीन. वेग मिनिटाला ३ मिली. वेग वाढवला तर कंडेन्सरच्या टोकातून धूर दिसतो, तो धूर म्हणजे निसटणारा नमुना. मुख्य चंबूखाली बारीक आच ठेवली, नाहीतर वाफ आतच थिजून चंबू पाण्याने भरत जातो. आत थिजलेले पाणी हिशेबात येत नाही, पण जागा खाते.

तापमान स्थिर झाल्यावर पहिले १० मिली फेकले. यामागे दोन हेतू: आतली हवा निघून जाते, आणि कंडेन्सरच्या भिंतीला जो पापुद्रा चिकटायचा तो आधीच चिकटून घेतो. मग वजन केलेले भांडे खाली ठेवले.

वाचन ८८.७, उघड्या पाऱ्याची दुरुस्ती धरून ८९.१. दाब सुरुवातीला ७१२.९, शेवटी ७१२.३, सरासरी ७१२.६. नुसत्या पाण्याचे वाचन आजही ९७.७.

८९.१ ला पाण्याचा बाष्पदाब ५०८.० मिमी. क्लोरोबेंझीनचा ७१२.६ − ५०८.० = २०४.६ मिमी. दोन दाबांचे गुणोत्तर २.४८३.

पहिली खेप: क्लोरोबेंझीन ६१.८ ग्रॅम, पाणी २५.१. म = ११०.१
दुसरी: ६२.९ आणि २५.२. म = १११.६
तिसरी: ६०.७ आणि २४.६. म = ११०.४

सरासरी ११०.७, खऱ्यापेक्षा दीडपावणेदोन टक्के कमी. तिन्ही एकाच बाजूला चुकतात, म्हणजे ही नशिबाची गंमत नव्हे. सेंद्रिय थर कुठेतरी राहतो आहे.

कुठे ते सेपरेटिंग फनेलमध्ये (थर वेगळे काढायच्या तोटीच्या नरसाळ्यात) डोळ्यांनी दिसले. क्लोरोबेंझीन जड, तरी त्याचे बारीक थेंब पाण्याच्या पृष्ठभागावर चपटे होऊन तरंगत राहतात. पृष्ठताण त्यांना बुडू देत नाही. फनेल उभे हलवून उपयोग नाही. बोटाने टिचकी मारत काचेला गोल फिरवले की ते एकेक करून खाली सुटतात, लहान मण्यांसारखे. दहा मिनिटे दिली तर बहुतेक उतरतात.

खालचा थर सुकवला नाही, मुद्दाम. क्लोरोबेंझीनमध्ये पाणी नगण्य विरघळते, आणि निर्जल कॅल्शियम क्लोराइडच्या खड्यांना त्याहून कितीतरी जास्त नमुना चिकटून जातो. स्वच्छ, पारदर्शक थर दिसला की थेट वजन.

पाणी वजाबाकीने काढू नये, हेही आज पक्के झाले. एकूण वजनातून सेंद्रिय वजन वजा करून पाणी धरले तर काचेला चिकटलेला नमुना पाणी म्हणून मोजला जातो आणि चूक दोन्ही बाजूंनी बसते. दोन्ही थर वेगवेगळे तोलायचे आणि बेरीज एकूण वजनाशी ताडायची.

१० नोव्हेंबर: दाब कुठून घ्यायचा

बॅरोमीटर नसेल तर मोबाइलवरच्या हवामानाचा आकडा चालेल का, असा प्रश्न निघाला. त्या वेळी मोबाइलवर १०११ हेक्टोपास्कल होते, म्हणजे ७५८.३ मिमी. आमचा बॅरोमीटर ७१२ च्या घरात. दोघेही खरे आहेत. हवामानाचा आकडा समुद्रसपाटीवर उतरवून दिलेला असतो, म्हणजे निरनिराळ्या उंचीवरची ठिकाणे एका नकाशावर बसतात. चंबूला मात्र तिथे, त्या टेबलावर जेवढा दाब आहे तेवढाच कळतो.

८ तारखेची पहिली खेप त्या आकड्याने मांडून पाहिली: द(क) = ७५८.३ − ५०८.० = २५०.३, म = ९०.०. क्लोरोबेंझीनचे रेणुवस्तुमान ९०! उंचीवरच्या कुठल्याही प्रयोगशाळेत ही चूक सहज होते, आणि आकडा इतका वेडावाकडा नसतो की लगेच शंका यावी. एखाद्या दुसऱ्याच द्रवाचे म्हणून तो खुशाल खपून जाईल.

फोर्टिनची साडेतीन मिमीची दुरुस्ती विसरली तरी सुटका नाही. २०४ मध्ये ३.५ म्हणजे १.७ टक्के.

११ नोव्हेंबर: पाण्यालाच बॅरोमीटर करणे

८ तारखेच्या पहिल्या खेपेचेच आकडे, दुरुस्ती करून आणि न करता, तीन तऱ्हांनी:

खरा दाब (७१२.६) आणि दुरुस्त तापमान (८९.१): म = ११०.१.

खरा दाब आणि कच्चे तापमान (८८.७): द(पाणी) ५००.४, द(क) २१२.२, म = १०४.६.

बॅरोमीटर बाजूला ठेवून नुसत्या पाण्याच्या कच्च्या वाचनातून (९७.७) दाब काढला: ६९९.७. कच्चे तापमान ८८.७, द(पाणी) ५००.४, द(क) १९९.३, म = १११.४.

तिसऱ्या तऱ्हेत दाब १३ मिमीने चुकला आहे, तापमानही चुकले आहे, तरी उत्तर पहिल्याच्या सव्वा टक्क्यात. थर्मामीटर कमी दाखवतो तेव्हा तो दाबही कमी सांगतो आणि पाण्याचा बाष्पदाबही कमी सांगतो; वजाबाकीत दोघांची चूक बरीचशी एकमेकांना खाते. दुसऱ्या तऱ्हेत मात्र अचूक बॅरोमीटरशेजारी चुकीचा थर्मामीटर बसला, आणि सगळी चूक एकट्या द(क) वर कोसळली. अर्धवट अचूकता ही इथे सर्वांत घातक गोष्ट.

तिसरे उत्तर खऱ्या ११२.५६ च्या जास्त जवळ आले म्हणून ती तऱ्हा जास्त खरी असे नव्हे. वजनातली घट एका दिशेने आणि ही चूक दुसऱ्या, एवढाच योगायोग.

आजपासून नियम: रोज, त्याच मांडणीत, त्याच थर्मामीटरने, गोळा त्याच उंचीवर ठेवून आधी नुसते पाणी उकळायचे. बॅरोमीटर असेल तर दोन्ही लिहायचे.

यातून एक ढोबळ हिशेबही मिळाला. नुसत्या पाण्याच्या आणि मिश्रणाच्या उकळण्यात जेवढे अंतर, त्या अंतराने ०.१ ला भागले की तापमानाच्या दशांश चुकीमुळे उत्तरात किती चूक येईल ते साधारण कळते. क्लोरोबेंझीनचे अंतर ९.१ अंश, म्हणजे चूक सुमारे १.१ टक्के, प्रत्यक्ष हिशेबाने १.४ येते.

१३ नोव्हेंबर: ब्रोमोबेंझीन

दाब ७११.४. वाचन ९३.१, दुरुस्त ९३.५. पाण्याचे ५९९.७, ब्रोमोबेंझीनचे १११.७ मिमी. अंतर ४.७ अंश.

पहिली खेप: ५५.२ आणि ३४.९ ग्रॅम, म = १५३.०.

घनता दीडच्या जवळ, थर झटकन सुटतात. तरी घट कशी? कंडेन्सर उलटा धरून पाहिल्यावर आतल्या नळीच्या वळणावर पाच-सहा टपोरे थेंब बसलेले दिसले. जड थेंब उताराने घरंगळत येतो आणि नळीचा उतार कमी असेल तिथे तळ ठोकतो. कंडेन्सर जास्त तिरका केला, शेवटी हलकेच ठोकून थेंब पाडले.

दुसरी खेप: ५६.० आणि ३४.७, म = १५६.१. समाधानकारक. तापमान ०.१ ने इकडेतिकडे झाले तर हाच आकडा पावणेचारने हलतो, त्यामुळे याहून बारीक भांडण्यात अर्थ नाही.

१५ नोव्हेंबर: टोल्यूइन

दाब ७११.९, दुरुस्त तापमान ८२.६. पाण्याचे ३९४.३, टोल्यूइनचे ३१७.६. अंतर साडेपंधरा अंशांचे, म्हणजे थर्मामीटरची चिंता जवळजवळ मिटली.

पहिली खेप: ५७.९ आणि १५.० ग्रॅम, म = ८६.३. सहा टक्के कमी!

थर्मामीटर बरा झाला की तराजू आजारी पडतो. टोल्यूइन हलके, वर तरंगते, आणि गोळा करणारे भांडे उघडे होते. वीस मिनिटांत वास खोलीभर. शिवाय पाणी फक्त १५ ग्रॅम, त्यात फनेलच्या दांड्यात अडकलेले पाव-अर्धा ग्रॅम इकडेतिकडे झाले की दोन-तीन टक्के गेले.

दुसऱ्या खेपेला भांडे बर्फाच्या पाण्यात, तोंडावर कापसाचा सैल बोळा, कंडेन्सरचे पाणीही बर्फातून. पाणी खालून काढून झाल्यावर टोल्यूइन फनेलच्या वरच्या तोंडातून ओतून घेतले, म्हणजे दांड्यातले पाणी त्यात येत नाही. ६०.८ आणि १५.०, म = ९०.७. चालेल.

आगीची सूचना वेगळी लिहिण्याची गरज नसावी, तरी: टोल्यूइनच्या दिवशी उघडी ज्वाला नाही, दोन्ही चंबू हीटिंग मँटलवर.

१८ नोव्हेंबर: ॲनिलीन, कच्ची खेप

ॲनिलीन कातडीतून शोषले जाते. हातमोजे आणि धुराड्याखालीच काम. बाटलीतले तपकिरी झालेले होते, आधी ऊर्ध्वपातन करून जवळपास रंगहीन केले.

दाब ७१२.०. दुरुस्त तापमान ९७.३. अंतर ०.९ अंश! ढोबळ हिशेबाने ०.१ च्या चुकीला अकरा टक्के. पाण्याचे ६८९.६, उरले २२.४ मिमी, गुणोत्तर ३०.७९.

१२० ग्रॅम गोळा केले. थर सुटायला तासभर, कारण ॲनिलीनची घनता १.०२, पाण्याच्या अगदी लगत. खालचा थर २०.७, वरचा ९९.३ ग्रॅम. म = ११५.६.

खरे ९३.१३. आतापर्यंतचे सगळे कमी, हे पहिलेच जास्त, आणि तेही चोवीस टक्क्यांनी.

१९ नोव्हेंबर: ॲनिलीन, काळजीपूर्वक, आणि उत्तर आणखी बिघडले

कालच्या वजनातली खोट उघड आहे. ॲनिलीन २० अंशांना १०० मिली पाण्यात साडेतीन ग्रॅमच्या आसपास विरघळते. म्हणजे वरच्या थरात तीन ग्रॅमहून जास्त ॲनिलीन पाणी म्हणून मोजले गेले. उलट खालच्या थरात पाच टक्क्यांच्या आसपास पाणी.

कालच्याच वरच्या थरात २५ ग्रॅम मीठ टाकले. मिठाने पाण्याची घनता वाढते आणि थर उलटतात: ॲनिलीन खालून वर येते. थोडे मीठ विरघळले असताना दोन्ही घनता जुळतात आणि दुधाळ ढग मधोमध लटकतो. तिथे घाबरून फनेल रिकामे करू नये, सगळे मीठ विरघळू द्यावे. सुटलेले ॲनिलीन कालच्या थरात मिळवून कॉस्टिक पोटॅशच्या गोळ्यांवर सुकवले. कॅल्शियम क्लोराइड इथे चालत नाही, ते ॲनिलीनशी संयुग करून बसते.

ॲनिलीन २२.६ ग्रॅम, पाणी ९७.४ (इथे नाइलाजाने वजाबाकीने, मीठ पडल्यावर पाणी तोलता येत नाही). म = १२८.७.

वजन सुधारले आणि उत्तर तेरा एककांनी आणखी दूर गेले. म्हणजे काल दोन चुका एकमेकींविरुद्ध ओढत होत्या आणि आज त्यांतली एक काढली. दुसरी मोठी आहे आणि वजनात नाही.

२० नोव्हेंबर: ॲनिलीन, दुसरी चूक

ती ३ तारखेच्या पहिल्याच वाक्यात दडलेली होती: “न मिसळणारे”. ॲनिलीन आणि पाणी तसे नाहीत. ९० अंशांना १०० मिली पाण्यात सुमारे ६.४ ग्रॅम ॲनिलीन जाते. चंबूतले पाणी शुद्ध नसेल तर त्याचा बाष्पदाब तक्त्यातल्यापेक्षा कमी, राऊल्टच्या नियमाने: द्रावणाच्या एकूण मोलांत पाण्याचा जेवढा हिस्सा (मोल-अंश), तेवढ्याच पटीत त्याचा दाब.

१०० ग्रॅम पाण्यात ५.५५ मोल, ६.४ ग्रॅम ॲनिलीनमध्ये ०.०६८७ मोल. ॲनिलीनचा मोल-अंश ०.०१२२. पाण्याचा दाब ६८९.६ × ०.९८७८ = ६८१.२ मिमी. उरले ३०.८, २२.४ नव्हे.

पाण्याच्या दाबात सव्वा टक्क्याची घट, पण ॲनिलीनच्या वाट्याला त्यातून अडतीस टक्क्यांची वाढ. १९ तारखेचे वजन घेऊन म = ९२.४.

हा आकडा पाहून खूश होण्याआधी: या हिशेबात ॲनिलीनचे रेणुवस्तुमान आधीच वापरले आहे (६.४ ग्रॅमचे मोल काढताना). अनोळखी द्रवासाठी आधी १२८.७ घालून मोल-अंश काढायचा, नवे म मिळवायचे, ते परत घालायचे, असे आकडा थांबेपर्यंत फिरवावे लागेल. आणि तापमानातला ०.१ अंश इथे अजूनही आठ टक्के हलवतो. म्हणजे ९२.४ ला ८५ ते १०० च्या मधले काहीतरी असेच वाचायचे.

क्लोरोबेंझीनसाठी हाच हिशेब तपासला. लिटरला अर्धा ग्रॅम विद्राव्यता, गरम पाण्यात थोडी जास्त धरली तरी पाण्याच्या दाबात एक-दोन दशांश मिमी. दुर्लक्ष केले ते बरोबरच होते.

चाचणी सोपी आहे आणि अनोळखी नमुन्यावर आधीच करावी: १० मिली नमुना आणि १० मिली पाणी मोजनळीत हलवून ठेवायचे आणि थरांमधली रेघ बघायची. रेघ दोन-तीन दशांश मिलीने सरकली तर विद्राव्यता विचारात घ्यायची.

२२ नोव्हेंबर: नायट्रोबेंझीन रद्द

विद्राव्यता कमी, तो प्रश्न नाही. पण ९९ अंशांना त्याचा बाष्पदाब २० मिमीच्या आसपास, आमच्या दाबाला अंतर सुमारे ०.७ अंश. दशांश चूक चौदा टक्क्यांची. ०.०१ अंश वाचणारा थर्मामीटर मिळेपर्यंत बाटली उघडायची नाही.

पुढच्या नमुन्यासाठी ठरलेला क्रम: मोजनळीतली चाचणी, नुसते पाणी, मग मिश्रणाचे ३० मिली कच्चे ऊर्ध्वपातन, फक्त अंतर बघायला. अंतर ४ अंशांहून कमी असेल तर ही पद्धत सोडून द्यायची. जास्त असेल तर तीन खेपा, दर पाच मिनिटांनी तापमान, दर खेपेच्या आधी आणि नंतर दाब. तापमान अचानक नुसत्या पाण्याच्या वाचनाकडे चढू लागले तर नमुना संपला. ते शेवटचे थेंब वेगळ्या भांड्यात.

क्लोरो- आणि ब्रोमोबेंझीनचा उरलेला माल हॅलोजनच्या टाकाऊ बाटलीत, टोल्यूइन वेगळे, ॲनिलीनचे खारे पाणी तिसऱ्या बाटलीत. बाटल्यांवर तारखा टाकल्या.